वाफसा हेच आपले घड्याळ

(खरिपाच्या तयारीसाठी भरलेल्या जिल्हा बैठकीतील मांडणीचा मजकूर)



सकाळपासून या मांडवात भाव, कर्ज आणि जंगली जनावरे यांवर बोलणे झाले. आता ज्या विषयाकडे आपण वळणार आहोत तो ऐकायला किरकोळ वाटेल. पऱ्हाटीला आणि ज्वारीला खत कोणत्या दिवशी द्यायचे आणि तण कोणत्या दिवशी काढायचे, एवढाच तो विषय. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. एकाच धुऱ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वावरात बियाणे तेच, युरियाची पोती तेवढीच, निंदणाच्या बायाही त्याच. तरी एकाचे पीक काळेभोर आणि दुसऱ्याचे पिवळे, असे आपण दरवर्षी पाहतो. पुष्कळदा फरक असतो तो फक्त चार-पाच दिवसांचा. आपण खर्चाच्या वहीत बियाणे लिहितो, खत लिहितो, मजुरी लिहितो. वेळ मात्र लिहीत नाही. म्हणून वेळेचे नुकसान आपल्याला दिसतही नाही.

खताची आणि निंदणाची वेळ आज कोण ठरवते? दुकानात माल कधी येतो त्यावर खताची वेळ ठरते. मजूर कधी मोकळे होतात त्यावर निंदणाची वेळ ठरते. उरलेले पंचांग आणि छापील पत्रक ठरवते. ज्या मातीत हे सारे घडायचे तिला कोणी विचारत नाही. आज आपल्याला एवढेच सांगायचे आहे की वेळ मातीला विचारा, आणि मातीने सांगितलेल्या दिवशी हात आणि पोते तयार असेल अशी व्यवस्था गावाने मिळून करा.

थंड देशातली हिरवळ आणि आपली हराळी

अमेरिकेत घरापुढच्या हिरवळीला खत कधी घालावे हे लोक मातीत थर्मामीटर खुपसून ठरवतात. हसू नका, त्यामागे शास्त्र आहे. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते. वसंतात माती हळूहळू तापू लागते. दोन इंच खोलीवर माती साधारण १३ अंश सेल्सिअसला आली आणि काही दिवस तिथे टिकली की त्यांच्याकडचे एक वार्षिक गवत उगवू लागते. त्याच्या आधी उगवणपूर्व तणनाशक पडले तर उपयोग, नंतर पडले तर पैसे पाण्यात. बर्म्युडा नावाची जी हिरवळ ते लावतात तिला १८ अंशांच्या आसपास जाग येते, आणि त्याआधी घातलेले खत ती खातच नाही.

ही बर्म्युडा म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, आपली हराळीच. नागपूरच्या बंगल्यांपुढे तिला पाणी घालतात, खत घालतात, यंत्राने कापतात. आपण तिला खणून खणून दमतो. एकच गवत बंगल्यात लक्ष्मी आणि वावरात अवदसा.

पण त्यांची पद्धत केवळ बंगल्यांपुरती नाही. तिकडच्या आयोवा राज्यात मका पिकवणारे शेतकरी आदल्या शरद ऋतूतच जमिनीत अमोनिया भरून ठेवतात. तिथली विद्यापीठे त्यांना सांगतात की चार इंच खोलीवर माती १० अंशांच्या खाली उतरून तशीच राहील, तोवर थांबा. कारण त्याहून गरम मातीत जिवाणू जागे असतात. ते अमोनियाचे नायट्रेट करतात आणि पुढच्या पावसाला ते वाहून जाते. माती थंड म्हणजे नत्राची तिजोरी बंद, माती गरम म्हणजे तिजोरी उघडी.

आता आपल्याकडे पाहा. चंद्रपूरला मे महिन्यात हवेचा पारा ४५ ते ४७ अंशांवर जातो. उघड्या काळ्या मातीचा वरचा पापुद्रा दुपारी दोन वाजता ५५ अंशांच्याही वर तापतो. खरिपात पाऊस पडल्यावर माती २७ ते ३० अंशांवर येते, आणि जिवाणूंना, तणाला व पिकाला यापेक्षा सोयीचे तापमान नाही. म्हणजे आपली तिजोरी खरिपाचे चारही महिने सताड उघडी असते. थंड देशातल्या शेतकऱ्याला ऊब येण्याची वाट पाहावी लागते. आपल्याकडे ऊब कायमची आहे, वाट पाहायची ती ओलीची. ओल आणि ऊब एकत्र आली की सगळी कामे धावत सुटतात. त्या धावण्याशी पाऊल जुळवणे हीच कोरडवाहू शेतीची कला.

आपल्या आजोबांपाशी थर्मामीटर नव्हता, पण शब्द होता: वाफसा. मातीत ओल आहे पण चिखल नाही, हवा खेळते आहे, माती पायाला ऊबदार लागते, औत चालते आणि फाळाला चिकटत नाही, ही सगळी अवस्था त्या एका शब्दात आहे.

तापलेली माती हे फुकटचे तणनाशक

वेळेचा पहिला धडा उन्हाळ्यातच आहे. लव्हाळ्याच्या गाठी आणि हराळीच्या कांड्या बहुतेक वरच्या सहा इंचांत असतात. त्या मातीत झाकलेल्या राहिल्या तर उन्हाळा सहज काढतात. नांगरटीने उलथून उघड्यावर आल्या तर एप्रिल-मेच्या उन्हात दोन आठवड्यांत वाळून मरतात. पण यासाठी नांगरट वेळेवर हवी. मेच्या अखेरीस नांगरले आणि आठ दिवसांत वळवाचा पाऊस झाला तर त्याच गाठी तुकडे होऊन चौपट उगवतात. पीक निघाल्याबरोबर, जमिनीत थोडी ओल असताना नांगरट आणि मग पूर्ण उन्हाळा ढेकळे तापू देणे, हा क्रम पाळला तर निंदणाचे पहिले काम ऊनच करून देते. त्याची मजुरी पडत नाही.

दुसरा धडा पहिल्या पावसाचा. मृगात एक सर येते, २०-२५ मिलिमीटर. वरची दोन इंच माती भिजते, खाली तीन-चार इंचांवर मातीची धग तशीच असते. कापसाचे बी त्या धगीत पडले तर फुगते, मोड येतो, चार दिवस पाऊस नसला की ओल उडते आणि मोड करपतो. दुबार पेरणी. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विद्यापीठ सांगते, त्यामागे हे कारण आहे. एवढ्या पावसाने ओल खाली उतरते आणि मातीची धगही उतरते. जमिनीत हात कोपरापर्यंत घालून पाहा. खालची माती अजून गरम आणि कोरडी लागली तर तिफन बांधू नका, नक्षत्र कोणतेही असो.

आणि त्या पहिल्या सरीचा उपयोग करा. तणाचे बी वरच्या थरात असते, ते चार-पाच दिवसांत हिरवेगार उगवते. त्याला उगवू द्या. वाफसा येताच वखराची हलकी पाळी द्या आणि मग पेरा. पिकाच्या आधी उगवलेले तण पिकाच्या आधीच मेले.

पोते हवेत कसे जाते

आता युरियाकडे येऊ. आजचे पोते ४५ किलोचे आहे. २०१८ पर्यंत ते ५० किलोचे होते. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे एका पोत्यात सुमारे २०.७ किलो नत्र. बाकी वजन वाहकाचे.

युरिया ओल्या मातीवर पडला की मातीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. आपल्या ऊबदार मातीत हे काम दोन-चार दिवसांत होते. हा अमोनिया मातीच्या आत झाला तर मातीचा कण त्याला धरून ठेवतो. तो मातीच्या वर झाला तर वायू होऊन उडून जातो. हा वायू उडण्यासाठी चार गोष्टी लागतात: वरून टाकलेला युरिया, ओलसर पृष्ठभाग, ऊब, आणि चुनखडीयुक्त काळी जमीन. राजुरा, कोरपना, वरोरा, भद्रावती इथल्या काळ्या जमिनीत या चारही गोष्टी जुलैमध्ये हजर असतात. अशा वेळी फेकून दिलेल्या युरियातले पाचव्या हिश्श्याइतके, कधी त्याहूनही जास्त नत्र उडू शकते. पाच पोती फेकली तर एक हवेला गेले. पुढे धो धो पाऊस झाला तर उरलेल्यातले आणखी जाते. हलक्या बरड जमिनीत ते पाण्याबरोबर खाली निघून जाते. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले, हवा कोंडली, की जिवाणू नायट्रेटचाच वायू करून टाकतात. पिवळी पडलेली पऱ्हाटी पाहून आपण आणखी एक पोते आणतो. तिला पोत्याची कमतरता नसते, पोत्यातले तिच्या मुळापर्यंत पोहोचलेले नसते.

२०१५ पासून सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण सक्तीचे झाले. त्याने मातीतले नायट्रेट होण्याचे काम थोडे सावकाश होते. पण उघड्यावर पडलेल्या दाण्याचा अमोनिया उडायचा तो उडतोच. त्याला उपाय एकच, दाणा मातीआड करणे. दोन-तीन इंच माती वर आली की उडणे जवळजवळ थांबते.

म्हणून क्रम असा ठेवा. पाऊस उघडला, वाफसा आला. आधी डवरणी आणि निंदण. तण निघाल्यावर ओळीच्या बाजूने, झाडापासून तीन-चार इंचांवर युरियाची रेघ. लगेच डवऱ्याची पास फिरवून ती झाकणे. निंदणाच्या आधी युरिया कधीच नाही, कारण तण पिकापेक्षा हावरे असते आणि पहिला घास तेच घेते. चिखलात नाही, कोरड्या फुफाट्यात नाही, आभाळ भरून आलेले असताना नाही. स्फुरद आणि पालाश पेरणीबरोबर द्या, ते मातीत पळत नाहीत. नत्र मात्र हप्त्याने द्या. ज्वारीला अर्धे पेरताना आणि अर्धे महिन्याच्या सुमारास. पऱ्हाटीला पेरताना, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीन वेळा. पत्रकात ३० वा दिवस लिहिलेला असेल. तो दिवस म्हणजे पिकाची भूक लागण्याचा अंदाज आहे. २६ व्या दिवशी वाफसा असेल तर २६ व्या दिवशी द्या. ३० व्या दिवशी चिखल असेल तर ३४ व्या दिवसापर्यंत थांबा.

तणाची वेळ

पऱ्हाटीला पंधराव्या दिवसापासून साठाव्या दिवसापर्यंत आणि ज्वारीला पहिल्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांपर्यंत तणाचा जो मार बसतो तो पुढे कितीही निंदले तरी भरून निघत नाही. तण दोन-तीन पानांवर असताना डवरा फिरला तर मुळे उघडी पडतात आणि दुपारच्या उन्हात तापलेल्या मातीवर ते सुकून जाते. तेच तण वीतभर वाढले की डवऱ्याला ऐकत नाही, खुरपेच लागते, आणि एका बाईचे काम तीन बायांवर जाते. डवरणी सकाळी सुरू करून दुपारच्या आत उरका, म्हणजे उपटलेल्या तणावर त्याच दिवशी ऊन पडते. केना मात्र वावरात टाकू नका. त्याच्या प्रत्येक कांडीला मुळे फुटतात आणि एका सरीने तो पुन्हा उभा राहतो. तो वेचून खड्ड्यात घाला.

मातीची ऊब कोणते तण उगवायचे हेही ठरवते. खरिपातली तणे आणि रब्बीतली तणे वेगळी, हे तुम्हाला ठाऊक आहे. चंदनबटवा जुलैत दिसत नाही, माती निवाल्यावर येतो. रब्बी ज्वारी करणाऱ्यांनी याचा फायदा घ्यावा. दिवाळीच्या सुमारास माती निवते, सकाळी हात गार लागतो, तेव्हा नवे तण उगवते. त्याच वेळी एक डवरणी दिली तर तण मरते आणि भेगा बुजून ओलही टिकते.

ज्वारीवाल्यांचा मोठा शत्रू टारफुला. त्याची गोष्ट नीट ऐका. हे तण ज्वारीच्या मुळावर चढून तिचे रक्त पिते. एका झाडाचे हजारो बी, धुळीहून बारीक, आणि जमिनीत दहा वर्षांहूनही जास्त जिवंत राहते. हे बी नुसत्या पावसाने उगवत नाही. त्याला आधी ओल्या, २५ ते ३५ अंशांच्या ऊबदार मातीत आठवडा-दोन आठवडे मुरावे लागते. मग जवळून ज्वारीचे मूळ गेले आणि त्या मुळातून झिरपणारा रस त्याला लागला तरच ते जागे होते. तो जमिनीवर दिसू लागतो तोवर त्याने अर्धे नुकसान केलेले असते. तेव्हा त्याला फूल येण्याआधी उपटणे हे यंदाच्या पिकासाठी नसून पुढच्या दहा वर्षांसाठी आहे.

आणि आपल्या फायद्याची गोष्ट अशी. टारफुल्याच्या बीला जागे करणारा तो पदार्थ शास्त्रज्ञांनी १९६६ साली पहिल्यांदा वेगळा काढला, तो कापसाच्या मुळांतून. कापसाच्या रसाने टारफुल्याचे बी फसते, उगवते, पण कापसाच्या मुळावर त्याला चढता येत नाही, आणि उपाशी मरते. म्हणजे ज्वारीच्या वावरात पुढच्या वर्षी पऱ्हाटी घ्यायची ही जुनी फेरपालट शास्त्रावर उभी आहे. टारफुला असलेल्या जमिनीत ज्वारीवर ज्वारी घेऊ नका, आणि ज्वारीला नत्र उपाशी ठेवू नका. उपाशी ज्वारी त्याला जास्त बोलावते.

तणनाशकाबद्दल दोन शब्द

मजूर मिळत नाही म्हणून तणनाशक मारणारे इथे पुष्कळ आहेत. मारणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. निंदणाचा खर्च किती चढला आहे हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी मंजुरी नसलेले, तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे उघडपणे पेरले, त्यामागेही हाच खर्च होता. पण औषध कोणतेही असो, त्यालाही मातीची वेळ लागते. पेंडिमेथालिनसारखे उगवणपूर्व औषध पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत आणि ओल्या मातीवर पडले पाहिजे. कोरड्या, तापलेल्या मातीवर ते उन्हाने आणि वाफेने निघून जाते. ज्वारीतले अट्राझिन तूर, मूग, उडीद यांना मारते, म्हणून आंतरपीक असेल तर ते हातातही घेऊ नका. ग्लायफोसेटची आपल्या देशातली नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगरपीक जमिनीसाठी आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने त्याचा वापर परवानाधारक फवारणी करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. दुकानदार हे सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

दुपारच्या उन्हात, उमसात, उघड्या अंगाने फवारू नका. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन किती घरांतले कर्ते पुरुष गेले, ते विसरण्यासारखे नाही.

आपल्या जिल्ह्यांची अडचण वेगळी

वऱ्हाडात पाऊस कमी. आपल्याकडे तो १२०० मिलिमीटरच्या घरात, गडचिरोलीकडे त्याहून जास्त, आणि बराचसा जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणून आपल्याकडे ओल मिळते पण वाफसा मिळत नाही. भारी जमिनीत वाफसा यायला पाच-सात दिवस लागतात आणि सहाव्या दिवशी पुन्हा पाऊस येतो. महिन्यात औत घालण्याचे दिवस बोटांवर मोजावे. वऱ्हाडासाठी लिहिलेले वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालत नाही.

त्यातच रोवणी येते. गोंडपिपरी, चामोर्शी अशा तालुक्यांत कापूस आणि धान शेजारी शेजारी आहेत. पऱ्हाटीचे निंदण आणि धानाची रोवणी एकाच पंधरवड्यात पडतात. त्याच बाया, त्यांचेच हात. रोवणी चिखलात, भर पावसातही होते. निंदण-डवरणीला वाफसा लागतो. मग पावसाच्या दिवशी रोवणी आणि उघडीप मिळताच पऱ्हाटी, असे गावाने आधी बसून ठरवले तर दोन्ही पिकांची वेळ साधते. आज जो जास्त मजुरी देईल त्याच्याकडे सगळ्या जातात आणि उरलेल्यांचा वाफसा निघून जातो.

आणि वाघ. जंगलालगतच्या वावरात निंदणाला बसलेली बाई वाकलेली, जमिनीलगत असते. ती वाघाला माणूस वाटत नाही, असे वनखात्याची माणसेही सांगतात. पहाटे आणि सांजेला धोका जास्त. पुस्तकात लिहिलेले असते की खत-फवारणी थंड वेळी, पहाटे किंवा सायंकाळी करा. जंगलकाठी हा सल्ला जिवावर बेतू शकतो. म्हणून स्पष्ट सांगतो: जंगलालगत काम दिवस चढल्यावर सुरू करा आणि सूर्य कलण्याआधी संपवा. युरियाला संध्याकाळच्या गारव्याची गरज नाही, मातीच्या पांघरुणाची आहे. झाकला की दुपारीही चालतो. निंदण गटाने करा, एक-दोघांनी उभे राहून पहारा द्या, धुऱ्यावरचे उंच तण आधी कापा. वेळेवर निंदलेल्या वावरात जनावराला दबा धरायला जागा कमी मिळते, हेही वेळेचे एक फळ आहे.

गावाने काय करावे

पाऊस सगळ्यांवर एका दिवशी पडतो, पण वाफसा सगळ्यांना एका दिवशी येत नाही. बरड, मुरमाड जमीन एक-दोन दिवसांत वाफशावर येते. मध्यम जमीन तीन-चार दिवसांत. खोल काळी पाच-सात दिवसांत. म्हणजे मातीनेच गावाला पाळी लावून दिली आहे. जुनी सावड आठवा. बैलजोड्या आणि निंदणाच्या बाया पहिल्या दिवशी बरडावर, मग मध्यमवर, शेवटी काळीवर. प्रत्येकाने आपापल्या वावरात एकाच दिवशी मजूर शोधत फिरण्यापेक्षा ही पाळी गावाने पाळली तर तेवढेच हात सगळ्यांना पुरतात. पाळी ठरवताना निंदणाऱ्या मायबहिणींना बैठकीत बसवा. तण कोणत्या पानावर आहे हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही.

वाफसा ओळखण्याची खूण एकसारखी ठेवा. तीन-चार इंच खालची माती मुठीत घ्या, दाबा. गोळा झाला नाही तर कोरडी. गोळा झाला तर कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा, तसाच राहिला तर अजून चिखल. ज्याला जमेल त्या गावाने मातीचा एक थर्मामीटर घ्यावा. वेधशाळेत ५, १० आणि २० सेंटिमीटर खोलीवर सकाळी सातच्या आणि दुपारी दोनच्या सुमारास माती मोजतात. आपण नुसते ५ सेंटिमीटरवर, दोन्ही वेळा मोजू आणि शाळेच्या भिंतीवर लिहू. सोबत पाऊस किती झाला आणि कोणत्या जमिनीला कोणत्या दिवशी वाफसा आला हे लिहू. तीन वर्षांत गावाचे स्वतःचे वेळापत्रक तयार होईल, जे कोणत्याही कार्यालयापाशी नाही.

आता सरकारकडे. केंद्राने २०२४ च्या सुरुवातीला कृषी विज्ञान केंद्रांमधली जिल्हा कृषी हवामान केंद्रे देशभर बंद केली. ज्या खर्चाने शेतकऱ्याला दिवस कळत होता तोच खर्च आधी कापला. मंडळनिहाय हवामान केंद्रे पाऊस आणि हवेचा पारा मोजतात. आपले पीक हवेत उगवत नाही. म्हणून पहिली मागणी: प्रत्येक मंडळात मातीचे तापमान आणि ओल रोज मोजा आणि ती गावाला मराठीत, गोंडीत, सिरोंच्याकडे तेलुगूतही कळवा. दुसरी मागणी: युरिया मृगाआधी गावाच्या जवळ साठवा. नीम युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळायला हवे. पण पोत्याबरोबर नको असलेली बाटली घ्या असे लिंकिंग होते, आणि ते नाकारणाऱ्याला वाफशाच्या दिवशी माल नाही म्हणून परत पाठवतात. सरकारच लिंकिंगला बेकायदेशीर म्हणते, तर पावतीसह तक्रार घेऊन कारवाई करावी. आठ दिवस उशिरा आलेल्या पोत्याला भाव तोच असतो, किंमत मात्र अर्धीही राहत नाही.

या मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. सावड लावायला, मूठभर माती दाबून पाहायला आणि युरिया झाकायला कोणाची परवानगी लागत नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. त्यावर एवढेच लिहा: पेरणी कोणत्या दिवशी, वाफसा कोणत्या जमिनीला कधी, डवरणी कधी, युरिया कधी आणि झाकला की नाही. त्या कागदांवरून आपण चंद्रपूर-गडचिरोलीचे आपले वेळापत्रक मांडू. आज इथून जाताना गावातल्या बरडवाल्याशी आणि काळीवाल्याशी पाळीचे बोलून घ्या. मृग जवळ आला आहे.